ओक मान-सिक नावाचा नट

सक्करदरा, नागपूर
रविवार, २७ जानेवारी १९८५

प्रिय जया,

दुपारचे अडीच वाजलेत. आज माझी सुट्टी. समोरच्या खोलीत चटईवर दोन माणसं झोपली आहेत आणि दोघांनीही उजवा हात कपाळावर आडवा टाकला आहे. मी मघापासून दारात उभी राहून नुसती बघत होते, मग स्वतःचीच लाज वाटली आणि कागद घेऊन बसले. एक तुझे बाबा. दुसरा माणूस त्याच्या देशात रस्त्यानं सरळ चालू शकत नाही, इतके लोक त्याला ओळखतात. पंचवीस वर्षं तो सिनेमात आणि टेलिव्हिजनवर काम करतो आहे. या बुधवारी मात्र इथल्या बाजारात तो दोन्ही हातांत पत्ताकोबीचे गड्डे घेऊन तासभर हिंडला, कुणी मान वर करून पाहिलं नाही. फक्त आपल्या शेजारच्या तुळसाबाईंनी थांबवलं, तेही बाबांना. "मानसिंगराव, हे पाव्हणे कोठचे जी? अगदी तुमच्यावानीच दिसते."

तो तुझा काका आहे, जया. सख्खा. बाबांहून सात वर्षांनी लहान.

तू म्हणशील, बाबांना तर कोणीच नव्हतं. मीही लग्नानंतर चोवीस वर्षं तसंच समजत होते. बाबांचं मागचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं आणि तुला मी त्याहून बारीक तुकडे दिले. म्हणून एकदा सलग लिहिते. बाबा कोरियातल्या वोनसान नावाच्या बंदराच्या गावचे. विसाव्या वर्षी उत्तरेकडच्या फौजेनं त्यांना धरून भरती केलं आणि चार महिन्यांत ते दक्षिणेच्या बाजूकडे कैदी झाले. लढाई थांबल्यावर कैद्यांना विचारलं, उत्तरेला जाता की दक्षिणेला? गाव उत्तरेत होतं, पण वोनसानमध्ये बॉम्बगोळ्यांनी भिंतसुद्धा उभी ठेवली नाही, त्यांची आई आणि भाऊ गेले, असं त्यांच्याच आळीतल्या एका कैद्यानं सांगितलेलं. आणि दक्षिणेच्या पोरांवर यांनी स्वतः बंदूक चालवलेली. तेव्हा जे थोडे कैदी 'दोन्हीकडे नको' म्हणाले, त्यांत हे होते. छावणीवर पहाऱ्याला आपली हिंदुस्थानी पलटण होती. तिच्या मागोमाग जहाजानं मद्रासला आले. सरकारनं कोंबड्या पाळायचं शिकवलं, नागपूरच्या पोल्ट्रीत नोकरी दिली, आणि मी ज्या इस्पितळात नर्सिंग शिकत होते तिथं अंडी पोचवायला हे सायकलवरून यायचे. टोपली उतरवून मोजून देईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. मला वाटायचं, मुका आहे बिचारा.

आमचं लग्न ठरलं तो किस्सा तू आजोबांच्या तोंडून ऐकला असशील, पण ते त्यात स्वतःला फार मोठेपणा द्यायचे. खरं असं झालं. आजोबा गिरणीतून दमून आलेले. दीक्षा घेऊन दोनच वर्षं झाली होती, भिंतीवरची तसबीर अजून नवी होती. त्यांनी बाबांना समोर बसवलं आणि विचारलं, "मानता कोणाले?" बाबांना तेव्हा फार भाषा येत नव्हती. ते तसबिरीतल्या बुद्धाकडे बोट दाखवून म्हणाले, "माझी आई. रोज." आजोबांनी विचारलं, "कवापासून?" बाबांनी हातानं मागे, मागे, आणखी मागे असं केलं. आजोबा माझ्या आईकडे वळून म्हणाले, "आपलं दोन वर्साचं, याचं हजार-दोन हजार वर्साचं. आता म्या कोणत्या तोंडानं नाही म्हनू?" एवढंच. मग नाव नोंदवताना गंमत. बाबांचं आडनाव ओक, नाव मान-सिक. पोल्ट्रीतल्या लोकांनी मान-सिकचं मानसिंग कधीच करून टाकलं होतं. कचेरीतला कारकून बराच वेळ कागदाकडे आणि चेहऱ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. नाव राजपुताचं, आडनाव कोकणस्थाचं. शेवटी त्यानं विचारलं, "मूळचे पुण्याचे काय?"

आता जे तुला ठाऊक नाही ते. तुझं लग्न झालं त्याच्या पुढच्या जानेवारीत, म्हणजे त्र्याऐंशी साली, मारोतराव घरी आले. ते गं, कॉलेजात शिकवतात आणि दर आठवड्याला डझनभर अंडी नेतात ते. त्यांची ती फिल्म सोसायटी आहे. आशियातल्या देशांचे सिनेमे वकिलातींकडून मागवून कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवणार होते, त्यांत एक कोरियाचा होता. त्यांनी दोन पास आणले. बाबा म्हणाले, "मले काय करायचं?" मला मात्र भारी उत्सुकता. चोवीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याचा देश मी एकदाही पाहिला नव्हता. एखादं झाड तरी दिसेल, एखादं घर, बायका लुगडं कसं नेसतात ते. मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं. हॉलमध्ये चाळीसएक माणसं, मागे मशीनची घरघर. काळा-पांढरा सिनेमा. समुद्र दिसला, मिठागर दिसलं, त्यावर त्यांच्या लिपीतली नावं येऊ लागली. मी समुद्राकडे बघत होते. तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. मी म्हटलं, "काय झालं?" ते म्हणाले, "माह्यं नाव हाये."

"कुठं?"

"पडद्यावर. हिरोचं."

मला वाटलं, असेल, एका नावाची दहा माणसं असतात. मग तो हिरो आला. मिठाचं ओझं खांद्यावर घेऊन चढ चढणारा, तिशीतला. बाबा उभे राहिले. मागचा कुणी तरी ओरडला, "ओ काका, बसा ना!" ते बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. मी खालच्या इंग्रजी ओळी वाचून गोष्ट समजून घेत होते. मालकाशी भांडण, बायको आजारी, मुलगी शहरात. यांचं गोष्टीकडे लक्षच नव्हतं. बाहेर आल्यावर सायकल हातात धरून बर्डीपासून घरापर्यंत चालत आले, मी शेजारून. रेशीमबागेपाशी आल्यावर बोलले, "चेहरा माह्या बापाचा हाये. नाव माह्यं हाये. पन आवाज त्याचा नाही."

कोणाचा, विचारलं तर म्हणाले, "मान-सूचा." मान-सू म्हणजे धाकटा भाऊ, बाबांनी शेवटचा पाहिला तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याचा आवाज लहानपणापासून फाटका, घोगरा. आणि पडद्यावरचा आवाज रेडिओवर बातम्या देतात तसा गुळगुळीत. मी म्हटलं, मोठेपणी आवाज बदलतो. ते म्हणाले, "एवढा नाही बदलत वं." आठ-दहा दिवस ते त्या आवाजापाशीच अडकून बसले. मी आपली मारोतरावांकडे जाऊन सिनेमाबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक मागून आणलं. त्यात अर्धं पान त्या नटावर होतं. जन्म १९३७, वोनसान. शंभराहून जास्त चित्रपट. हल्ली टेलिव्हिजनवर. एक फोटो. मी ते पान बाबांसमोर ठेवलं. त्यांनी वोनसान या शब्दावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेले, दाणे टाकून झाले होते तरी.

मला वाटलं, आता पत्र लिहितील. लिहिलं नाही. मी रोज विचारायची. एक दिवस चिडून म्हणाले, "तू काहून मांग लागली वं? तिकडं कोणाचा भाऊ उत्तरेच्या फौजेत होता हे समजलं का त्या मानसाचं काम बंद होते, पोरांच्या नोकऱ्या जाते. तो नाव करून राहिला. म्या इकडून एक पत्र टाकलं का त्याचं सगळं मातीत." हे त्यांचं ज्ञान तीस वर्षांपूर्वीचं होतं, पण मला कुठं ठाऊक? मी विचारणं सोडलं. मात्र एक गोष्ट मला स्वस्थ बसू देईना, जया. भावाचं नाव मान-सू होतं ना? मग त्यानं मान-सिक हे नाव का घेतलं? मेलेल्या भावाचं नाव लोक मुलाला ठेवतात, स्वतःला कोण ठेवतं? ड्युटीवर इंजेक्शनची तयारी करताना, भाकरी थापताना, माझ्या डोक्यात तेवढंच. नऊ महिने काढले. मग बाबांना न सांगता दिल्लीला त्यांच्या वकिलातीत पत्र टाकलं. इंग्रजी कसलं, रजेच्या अर्जासारखं. की माझ्या नवऱ्याचं नाव असं असं, गाव असं, आणि तुमच्या एका नटाचं नाव आणि गावही तेच, तर याचा खुलासा व्हावा.

तीन आठवड्यांनी वॉर्डात फोन आला. मेट्रननं धावत बोलावलं, दिल्लीहून आहे म्हणून. एक अधिकारी सावकाश इंग्रजीत बोलत होते. आधी माझंच नाव दोनदा विचारलं. मग म्हणाले, बाई, यंदा उन्हाळ्यात आमच्या टेलिव्हिजनवर लढाईत ताटातूट झालेल्या माणसांचा शोध चालला होता. हजारो लोक हातात पाटी घेऊन उभे राहायचे, पाटीवर हरवलेल्या माणसाचं नाव. त्या रांगेत एक दिवस हा नट उभा होता. पाटीवर लिहिलेलं, ओक मान-सिक. कार्यक्रम चालवणाऱ्या बाईला वाटलं, मदतीला आलाय. ती हसून म्हणाली, ही तर तुमचीच पाटी! आजूबाजूचेही हसले. तेव्हा तो म्हणाला, हे नाव माझं नाही. हे माझ्या मोठ्या भावाचं आहे. मी पंचवीस वर्षं हे नाव पोस्टरवर छापून घेतोय, तो कुठं तरी वाचेल म्हणून. आज विचारायला आलोय की कुणी त्याला पाहिलं आहे का. अधिकारी म्हणाले, मी तेव्हा सुट्टीवर घरी होतो, माझ्या आईबरोबर बसून ते पाहिलं. मी फोन धरून उभी, मेट्रन विचारते आहे, "सिस्टर, घरी कोणी गेलं का?" मी मान हलवून नाही म्हणत होते आणि डोळे वाहत होते.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. राग होता की काय होतं, मला अजून कळलेलं नाही. विसाव्या दिवशी भावाचं पाकीट आलं. अकरा पानं. ते घेऊन ते कोंबड्यांच्या खुराड्यात गेले आणि आत जाळीचं दार लावून घेतलं. मी बाहेर ओट्यावर बसले. तासाभरानं आले, धोतराला पिसं चिकटलेली. मला वाटलं भावाबद्दल काही सांगतील. ते म्हणाले, "माय शहात्तरपर्यंत होती वं."

एवढंच बोलले आणि पाय धुवायला गेले. म्हणजे आपण सक्करदऱ्यात घर बांधलं, तू शाळेत गेलीस, मॅट्रिक झालीस, तोवर त्यांची आई जिवंत होती. छावणीतल्या त्या माणसाची बातमी खोटी होती. मायलेक बर्फातून चालत, जहाजात दाटीवाटीनं बसून दक्षिणेला निसटले होते. दुसऱ्या दिवशी बसून त्यांनी उत्तर लिहिलं. त्यांच्या भाषेत. एक पान लिहायला रविवार गेला, कारण अक्षरं आठवत होती पण शब्द मराठीच येत होते.

वर्षभर पत्रं झाली आणि या महिन्याच्या एकोणीस तारखेला तो आला. स्टेशनवर मी अगदी उत्सुकतेनं उभी होते, नट कसा उतरतो ते बघायला. साधा स्वेटर, हातात पिशवी, डोक्यावर विरळ केस. बाबांनी हात पुढे केला. त्यानं तो धरला नाही. तो तिथंच प्लॅटफॉर्मवर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून पडला. हमाल बाजूनं वळून गेले. बाबा त्याच्या अंगावर वाकून त्याच्या पाठीवर नुसते थापटत होते आणि म्हणत होते, "ऊठ ना बाबू, ऊठ ना गा." मराठीत. त्यांच्या लक्षातच आलं नाही.

या आठ दिवसांत मी त्याला किती प्रश्न विचारलेत याला सुमार नाही. बाबा मध्ये बसून दोन्हीकडचं सांगतात. मी विचारलं, पहिलं काम कोणतं? तो पाच मिनिटं हातवारे करून बोलला आणि बाबा म्हणाले, "हा म्हन्ते का पयल्या सिनेमात मी मढं होतो." एकोणसाठ साल. एका फिरत्या नाटक कंपनीत पडदे रंगवायचा. सिनेमावाल्यांना लढाईतली प्रेतं हवी होती, जेवणावर माणसं नेत होते. बाकीची प्रेतं श्वास घ्यायची, हा घेत नव्हता. दिग्दर्शकानं तीनदा त्यालाच पुढे ठेवलं आणि संध्याकाळी वहीत लिहायला नाव विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी मी मेलेला शिपाई होतो ना, मला दिवसभर दादाच दिसत होता. विचारल्याबरोबर तोंडातून त्याचंच नाव गेलं. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, नाव कुठवर जाईल? तो म्हणाला, सिनेमा जिथवर जातो तिथवर. पुढे त्याच्या प्रत्येक सिनेमाला ती जायची, नावं येऊन गेली की डोळे मिटून बसायची. सिनेमा संपला की उठायची.

आणि त्या आवाजाचं कोडंही सुटलं. साठच्या दशकात त्यांच्याकडे इतके सिनेमे निघायचे की नट सकाळी एका ठिकाणी, दुपारी दुसऱ्या ठिकाणी. वर्षाला वीस-वीस. कुठं कोणता संवाद म्हणायचा ते धड पाठही नसायचं. आवाज नंतर स्टुडिओत दुसरीच माणसं भरायची. हा शंभर सिनेमे तसाच, दुसऱ्याच्या आवाजात बोलला. मग लोक सिनेमाला जाईनात, घरोघरी टेलिव्हिजन आला, तिथं स्वतःच्या आवाजात बोलावं लागतं. मोठे मोठे हिरो तिथं तोंड उघडल्याबरोबर पडले. याचा आवाज घोगरा, वर बोलण्याची ढब उत्तरेकडची. दोन वर्षं घरी बसला. मग एका मालिकेत म्हाताऱ्या निर्वासिताचं काम निघालं, थंड रश्शात शेवया घालून विकणारा, उत्तरेहून पळून आलेला. त्याला तीच ढब हवी होती. तीन भागांचं काम होतं, ते सहा वर्षं चाललं. रस्त्यात लोक अजून त्याला म्हणतात, काका, दोन वाट्या द्या. मी विचारलं, खरंच करता येतात का शेवया? तर काल त्यानं आपल्या सोऱ्यातून काढून दाखवल्या. चवीला, खरं सांगू, काही नव्हत्या. उलट सावजीचा रस्सा आणला तो दोघा भावांनी घाम पुसत, एक शब्द न बोलता संपवला, आणि मारोतराव पाणी पीत बघत राहिले.

शुक्रवारी तो बाबांना म्हणाला, दादा, मी तुझं नाव फार वर्षं वापरलं. आता तू सापडलास. परत घे. मी कागदावर माझं जुनं नाव करून घेतो. मला बाबांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, काय म्हणतात म्हणून. ते म्हणाले, "राहू दे त्याच्यापाशी. मायनं पाहिलेलं नाव हाये ते. मले इकडं सारे मानसिंगराव म्हन्तेत." मग भावाला त्यांच्या भाषेत काही तरी सांगितलं आणि तो एवढा मोठा नट, डोळ्यांत पाणी आलं तर तोंड लपवायचं कुठं हे त्याला कळेना. भिंतीकडे वळला.

आता पुढचं. बाबा त्याच्याबरोबर जाणार आहेत. फाल्गुनात आईचा स्मृतिदिन असतो, थोरल्या मुलानं तसबिरीपुढे पहिला पेला ठेवायचा असतो आणि आठ वर्षं तो धाकट्यानं ठेवला. पासपोर्ट आला आहे, तिकीट आलं आहे. तिकीट आलं त्या दिवसापासून मला झोप नव्हती, हे तुलाच सांगते. तिथं त्यांची भाषा आहे, आईची माती आहे, भाऊ आहे, भावाची मुलं आहेत. इथं मी, दीडशे कोंबड्या, आणि तीन वर्षं ज्या घरी ते गेले नाहीत असं एक पुण्यातलं घर. मी विचारलं नाही, किती दिवसांनी याल. तोंडापर्यंत यायचं आणि मी दुसरंच काही विचारायची. काल संध्याकाळी पोल्ट्रीतला माणूस आला आणि बाबांनी त्याला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यासाठी दोनशे पिलं सांगितली. म्हणाले, "चार तारखेले आन. मी असतोच." मी आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. तर ते परत येणार आहेत. त्यासाठी हे पत्र नाही.

जया, मी हे तुला दोन वर्षं कळवलं नाही, कारण बाबा म्हणाले होते, "पोट्टीले सांगू नको. तिनं तिच्या घरी येगळं सांगतलं हाये." त्यांना ठाऊक आहे. तुझ्या लग्नाच्या पंगतीत तुझ्या चुलत सासऱ्यांनी त्यांना विचारलं, "दार्जिलिंगला आत्ता थंडी असेल नाही?" बाबांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "हौ, लय थंडी राहते." आणि पुढच्या पानावर वरण वाढायला गेले. मी मागेच होते. तू का तसं सांगितलंस ते मी समजू शकते. बासष्ट साली चीनशी लढाई झाली तेव्हा तू तीन वर्षांची, पोलीस ठाण्यात हजेरीला जाताना बाबा तुला खांद्यावर घेऊन जायचे. पुढे शाळेत पोरं डोळे ओढून दाखवायची आणि तू दप्तरानं मारून यायचीस. दार्जिलिंग म्हटलं की पुढे कोणी प्रश्न विचारत नाही. तुला एकदा तरी प्रश्नांशिवाय जगायचं होतं. मी तुला बोल लावत नाही, बाबांनीही कधी लावला नाही. ते पुण्याला येत नाहीत ते रुसून नव्हे. आपल्या बोलण्यातून काही तरी सुटेल आणि पोरीला खोटं पाडेल, या भीतीनं येत नाहीत.

शनिवारी, ९ फेब्रुवारीला, दुपारी साडेतीनचं विमान आहे, मुंबईच्या सहार विमानतळावरून. दोघं गुरुवारच्या मेलनं निघतील. मला नागपूर स्टेशनच्या पुढं जाता येत नाही, वॉर्ड आहे, कोंबड्या आहेत. तू डेक्कन क्वीननं ये. घरी काय सांगायचं ते तू ठरव, पण या वेळी खरं सांगून निघ. जावईबापू येणार असतील तर त्यांनाही आण, तुझ्या काकाला भेटायला त्यांना मजा वाटेल, सिनेमाचे शौकीन आहेत. आणि बाबांसाठी ये. वीस वर्षांचे असताना त्यांना ट्रकमध्ये चढवलं तेव्हा त्यांची आई बाजारात गेली होती, तिला कळलंच नाही. मद्रासचं जहाज सुटलं तेव्हा धक्क्यावर बाकी कैद्यांच्या नावानंही कुणी आलेलं नव्हतं, शिपाई मात्र एकमेकांना हात करत होते. चौपन्न वर्षांचा माणूस आहे, जया, आणि तो कुठूनही निघाला तेव्हा त्याला हात हलवून निरोप द्यायला आजवर एकही माणूस उभा राहिलेला नाही. तू उभी राहा.

वाट बघणारी,
तुझीच आई
सुमती मानसिंग ओक